वर्धेचें खोरें आणि हरवलेली बनी

कांहीं वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील औद्योगिक क्रांतीवर आमचीं व्याख्यानें चालूं असतां हिंगणघाटाकडील एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका आमच्या हातीं आली. हारग्रीव्ह्जचा अनेक चात्यांचा चरखा, आर्कराइटची पाण्याच्या चाकावर चालणारी सूतगिरणी, लँकेशायरचा उदय, मँचेस्टरचें वैभव, सारें त्यानें बिनचूक लिहिलें होतें. आम्हीं त्याला बोलावून शाबासकी दिली आणि बोलतां बोलतां सहज विचारिलें, “तुमच्या गांवच्या कापसाचा भाव एके काळीं लिव्हरपुलाच्या बाजारांत स्वतंत्र नांवानें निघत असे. तो बनी कापूस तूं कधीं पाहिला आहेस काय?” तो गोंधळला. बनी हा शब्दच त्यानें ऐकिला नव्हता. त्याच्या आजोबांचें सारें आयुष्य गांवच्या गिरणींत गेलें होतें. परंतु आजोबांच्या गिरणीचा आणि वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या इतिहासाचा कांहीं संबंध असेल, असें त्याला कधीं वाटलें नव्हतें. त्याला दोन शब्द सुनवावे असें आमच्या मनांत आलें, तोंच त्यानें अगदीं सरळपणें विचारिलें, “सर, आपण पाहिला आहे का?” आम्हांस नाहीं म्हणावें लागलें.

प्रस्तुत लेख त्या एका नकारांतून निघाला आहे. लँकेशायरच्या गिरण्यांचे मालक, त्यांचीं यंत्रें व त्यांचीं सालें आम्हांस मुखोद्गत. आणि ज्या खोऱ्याचें आम्ही अन्न खातों त्या खोऱ्याच्या उद्योगाविषयीं मात्र आमची पाटी कोरी, ही गोष्ट भूषणावह खास नाहीं.

वर्धा नदी बैतूल जिल्ह्यांत मुलताईच्या पठारावर उगम पावते, सातपुड्याच्या कुशींतून खालीं उतरते, वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस व पश्चिमेस सीमेसारखी वाहत जाते आणि पुढें वैनगंगेस मिळून प्राणहिता या नांवानें गोदावरीचा मार्ग धरते. संस्कृत ग्रंथांतील वरदा ती हीच. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त विदर्भाचें राज्य दोघां चुलतभावांस वांटून देतांना वरदा हीच मधली सीमा ठरविली आहे, म्हणजे सीमेचें काम करण्याची या नदीची संवय बरीच जुनी म्हणावयाची. या प्रदेशाचा उद्योग तर त्याहूनही जुना आहे. वर्धा जिल्ह्यांतील खैरवाडा येथें जीं शिळावर्तुळें आहेत, तशींच वर्तुळें रचणाऱ्या लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी शेजारच्या नागपूर जिल्ह्यांत नायकुंड येथील उत्खननांत सांपडली. तिचा काळ अडीच हजार वर्षांहून मागें जातो. यास्तव या खोऱ्यांत उद्योग इंग्रजांबरोबर आला असें जें आपण समजतों, तो केवळ आपल्या पाठ्यपुस्तकांचा दोष आहे.

परंतु या खोऱ्याचें खरें धन म्हणजे येथील काळी जमीन. प्राचीन लाव्ह्याच्या खडकाची झीज होऊन झालेली ही माती पावसाचें पाणी पोटांत धरून ठेवते आणि पावसाळा सरल्यावरही पऱ्हाटीला ओलावा पुरविते. वणा, यशोदा, धाम व बोर या नद्यांच्या कांठीं शेतकऱ्यांच्या पिढ्यांनीं निवडून निवडून जी कपाशी जोपासली, ती बनी. देशी कापसांत तिचा धागा लांब, मऊ आणि तकतकीत गणला जाई. हिंगणघाट ही तिची मोठी पेठ, म्हणून बाहेरच्या जगांत तिला हिंगणघाटचाच कापूस म्हणत. तिच्यांत एक उणेपणा होता. तिच्या बोंडांत सरकी अधिक आणि रुई कमी निघे. वाचकांनीं हा उणेपणा ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सारी कथा त्याच्याभोंवतीं फिरते.

आगगाडी येण्यापूर्वीं हा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून परमुलखास जाई. एक वाट गंगाकांठच्या मिर्झापुरास पोंचे, दुसरी मुंबईस. आर्वीकडील गवळाऊ जातीचे पांढरे, हलक्या पायांचे बैल या वाटांवर नांवाजलेले होते. ही जात आजही जिवंत आहे, आणि एखाद्या खोऱ्याचा वारसा केवळ विटांचुन्याचाच नसतो याची ती चालती साक्ष आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. तेथील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळें मँचेस्टरचीं चाकें थंडावलीं आणि सातासमुद्रांपलीकडील व्यापाऱ्यांस एकाएकीं वणेच्या कांठची आठवण झाली. त्याच वर्षीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. त्याचें मुख्य ठिकाण प्रथम पुलगांवाजवळील कवठा येथें होतें. पुढें १८६६ सालीं पालकवाडी नांवाचें खेडें हलवून त्याच्या जागीं रुंद रस्त्यांचें नवें शहर आंखण्यांत आलें व नदीचेंच नांव त्यास देण्यांत आलें. दुसऱ्याच वर्षीं, १८६७ सालीं, मुंबईची आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. कापसाच्या व्यापारावर देखरेख करण्यासाठीं रिव्हेट-कार्नाक नांवाचा सनदी अधिकारी कॉटन कमिशनर म्हणून नेमला गेला. एका पिकासाठीं सरकारनें स्वतंत्र अंमलदार नेमावा, यावरून त्या पिकाचें त्या काळचें महत्त्व लक्षांत येईल.

पाठोपाठ कोळसा आला. १८७१ पासून याच खोऱ्यांत, परंतु दक्षिणेस चांदा जिल्ह्यांत, वरोऱ्याची खाण चालूं झाली आणि वर्ध्याहून हिंगणघाटावरून तिकडे रेल्वेचा फांटा गेला. जमशेटजी टाटांनीं आपली एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरास काढली व १८७७ च्या पहिल्या जानेवारीस ती चालूं झाली. कापसाचीं शेतें व वरोऱ्याचा कोळसा हीं दोन्ही जवळ, हा त्यांचा हिशेब होता. त्याच हिशेबानें हिंगणघाटास गिरण्या उभ्या राहिल्या. वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून ज्याला नांव पडलें त्या पुलगांवीं १८९२ सालीं सूत व कापड काढणारी गिरणी निघाली. आर्वीचा कापूस पुलगांवीं आणण्यास १९१७ सालीं अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली. अशा रीतीनें अवघ्या पन्नासपंचावन्न वर्षांत शेत, सरकी काढण्याचा कारखाना, गांसडी, कोळसा, रूळ आणि चाती यांची एक सांखळी या खोऱ्यांत गुंफली गेली. आपल्या औद्योगिक वारशाविषयीं जेव्हां आपण बोलतों, तेव्हां ही सांखळी आपल्या डोळ्यांपुढें असते.

परंतु ती सांखळी जिच्यासाठीं घडली ती बनी त्या वेळीं कोठें होती? हीच या इतिहासांतील चमत्कारिक गोष्ट आहे. गिरण्यांचीं धुराडीं उंच होत असतांना बनी शेतांतून मागें हटत चालली होती. घेणारा व्यापारी वजनावर भाव देई. धाग्याच्या गुणासाठीं चार पैसे अधिक देण्यास तो सहसा राजी नसे. जरी म्हणून ओळखली जाणारी भरड, आंखूड धाग्याची कपाशी वजनाला अधिक रुई देई, पीक खात्रीचें देई, आणि तिला परदेशांत गिऱ्हाईकही होतें. शेतकऱ्यानें काय करावें? त्यानें जरी पेरली. पुढें तिच्यांतूनच निवडलेली रोझियम ही जात सरकारी शेतकी खात्यानेंही पुरस्कारिली. जिनिंगमध्यें दोहोंची सरकी एकत्र झाली, तेंच बीं पुन्हा शेतांत गेलें, आणि बनी मारली न जातां मिसळून नाहींशी झाली. हिंगणघाट हें नांव मात्र बाजारांत मागें राहिलें.

यांत शेतकऱ्याला दोषी धरण्याची एक सोपी रीत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या बाजारानें गुणाची किंमत मोजली नाहीं, त्या बाजारांत गुण जतन करण्याचा खर्च एकट्या कुणब्यानें कां सोसावा? सरकारलाही हें उशिरां कळलें. १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली. १९२३ सालीं कापसाच्या वाहतुकीचा कायदा झाला व चांगल्या कापसाच्या टापूंत बाहेरचा हलका कापूस आणून मिसळण्यास बंदी करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. तोंवर पुष्कळसें पाणी वर्धेच्या पुलाखालून वाहून गेलें होतें. स्वातंत्र्यानंतर लांब धाग्याच्या अमेरिकन वंशाच्या कपाशीस उत्तेजन मिळालें, मग संकरित जाती आल्या, आणि २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाल्यावर थोड्याच वर्षांत तिनें हें सारें खोरें व्यापिलें. पूर्वीं शेतकरी आपल्याच सरकीतून बीं राखी. आतां तें दरवर्षीं पैसे मोजून दुकानांतून आणावें लागतें. या भागांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता आपण अनेक वर्षें वाचीत आहों. त्यांचें सारें खापर एका बियाण्यावर फोडणें अन्यायाचें होईल. कर्ज, पाऊस व भाव यांचा त्यांत मोठा वांटा आहे. तथापि जें पूर्वीं घरचें होतें तें विकतचें झालें, ही गोष्ट त्या दुःखाच्या जमाखर्चांत लिहावीच लागेल.

इकडे गिरण्यांचीही गत निराळी झाली नाहीं. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद यांच्या नांवाची गिरणी १९७४ सालच्या कायद्यानें आजारी गिरण्यांच्या यादींत जाऊन सरकारच्या ताब्यांत आली. नागपुरची एम्प्रेस मिल २००२ सालीं बंद झाली. आर्वीच्या छोट्या रुळांवरून आतां गाडी धांवत नाहीं. वरोऱ्याची ती पहिली खाण तर १९०६ सालींच संपली होती. तिचें आयुष्य उणेंपुरें पस्तीस वर्षांचें.

आतां याच जिल्ह्यांतील दुसऱ्या एका प्रवाहाकडे वळूं. १९३४ सालच्या डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग त्यास दिली व तिचें नांव मगनवाडी पडलें. ज्यांच्या स्मरणार्थ तें नांव पडलें ते मगनलाल गांधी १९२८ सालींच निवर्तले होते. संघाचे सूत्रचालक जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीसाचें उच्च शिक्षण घेतलेले गृहस्थ. तेलाच्या घाणीची सुधारणा, हातकागद, मधमाशा, ताडगूळ, खेड्यांतल्या तेलावर जळणारा मगनदीप, असले प्रयोग तेथें चालत. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यासच भरलेल्या शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योग हा शिक्षणाचा पाया मानला. त्यानंतरच्या दोन वर्षांत मध्यप्रांत-वऱ्हाडांतील उद्योगांची सरकारी पाहणी कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालीं झाली, आणि तींत ६०६ खेडीं पाहण्यांत आलीं. एखाद्या प्रदेशाचें धन मोजावयाचें तर तें खेडें धरून मोजावें, हा या पाहणीनें घालून दिलेला धडा.

याच कुमारप्पांनीं पुढें तुरुंगांत असतां आपला शाश्वत अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ लिहिला. निसर्गाच्या धनाचे त्यांनीं दोन प्रकार केले आहेत: एक हौदासारखें, जें उपसलें कीं संपतें, दुसरें प्रवाहासारखें, जें रीतीनें वापरलें तर पुन्हा पुन्हा भरून येतें. वर्धेच्या खोऱ्यांत या दोन्ही प्रकारांचा इतिहास शेजारीं शेजारीं लिहिलेला आहे. वरोऱ्याचा कोळसा हा हौद. त्याचा अंत खाण उघडली त्याच दिवशीं ठरला होता. बनीचें बीं हा प्रवाह; तो शेंकडों वर्षें वाहत आला होता व पुढेंही वाहिला असता. हौद आटला याचें आश्चर्य नाहीं. जो प्रवाह आटण्याचें कारण नव्हतें तोही आपण आटविला, हें खरें शल्य आहे.

यावरून वारसा जपण्याचा अर्थ काय, याचा थोडा विचार करणें प्राप्त आहे. इंग्लंडांत डर्बीशायरमध्यें डरवेंट नांवाची लहानशी नदी आहे. तिच्या कांठीं क्रॉमफर्ड येथें आर्कराइटनें १७७१ सालीं पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. त्या खोऱ्यांतील जुन्या गिरण्या व मजुरांच्या वसाहती तेथील लोकांनीं राखल्या, आणि २००१ सालीं त्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. आपणही असें कांहीं करावें, हा विचार स्वाभाविक आहे व आम्हीही त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु दोन खोऱ्यांतील एक भेद विसरून चालणार नाहीं. डरवेंटच्या कांठीं कपाशीचें एकही झाड उगवत नव्हतें. कापूस परदेशचा, पाणी घरचें. तेथें गिरणी जपली कीं सारें जपलें. वर्धेच्या खोऱ्यांत गिरणी ही सर्वांत शेवटीं आलेली पाहुणी. तिच्या आधीं माती होती, बीं होतें, बैल होता, आणि रुई हातांत घेऊन तिचा कस सांगणारीं माणसें होतीं. येथें नुसतीं धुराडीं जपलीं तर घर पाडून दाराची चौकट जपल्यासारखें होईल.

बींही शोधलें तर मिळतें. ढाक्याच्या मलमलीचा कापूस नामशेष झाला असें सारे समजत होते. परंतु बांगलादेशांतील संशोधकांनीं अलीकडे जुन्या वनस्पतिसंग्रहांतील नमुन्यांशीं रानांतील झाडें ताडून पाहिलीं आणि तसला कापूस पुन्हा पेरून मलमल विणविली. आपल्याला तर इतक्या दूर जावयास नको. नागपुरास १९७६ पासून कापसाची केंद्रीय संशोधनसंस्था आहे व तिच्या संग्रहांत देशी कपाशीच्या कितीतरी जाती राखलेल्या आहेत. मगनवाडीचें संग्रहालय गांधीजींच्या हस्तें १९३८ सालच्या ३० डिसेंबरास उघडलें. तें नुसतें पाहण्याचें नव्हे तर खेड्यांतल्या माणसानें येऊन शिकण्याचें ठिकाण व्हावें, हा त्यामागील हेतु होता. आणि तें आजही उभें आहे. विनोबांच्या प्रेरणेनें १९३४ सालींच निघालेल्या ग्रामसेवा मंडळाचें खादीचें काम गोपुरीस चालतें. म्हणजे साधनें आहेत; तुटलेले आहेत ते त्यांच्यामधले दुवे.

ते दुवे जोडण्याचें काम सरकारानें करावें, असें म्हणून मोकळें होणें आम्हां सुशिक्षितांस फार आवडतें. परंतु त्यांतील पुष्कळसें काम आपल्याच हातचें आहे. जिल्ह्यांतील प्रत्येक महाविद्यालयानें व शेतकी शाळेनें दोन गुंठ्यांत देशी कपाशी पेरावी आणि तिचें बीं दरसाल राखावें. जुन्या गिरण्या, सरकीचे कारखाने व आर्वीच्या रुळांवरचीं स्थानकें यांची मोजमापें व छायाचित्रें, त्या इमारती पडण्यापूर्वीं, विद्यार्थ्यांनीं घेऊन ठेवावीं. अडत्यांच्या व सावकारांच्या घरीं माळ्यावर पडलेल्या वह्या वाळवीच्या तोंडीं जाण्याआधीं कोणी उघडून पाहाव्या. त्यांत कापसाचा जो भाव लिहिला असेल तो कोणत्याही सरकारी अहवालांतील भावापेक्षां शेतकऱ्याच्या अधिक जवळचा असेल. आणि देशी कापसाचें जें थोडें कापड आज निघतें तें चार पैसे अधिक देऊन आपण विकत घ्यावें. ज्या चार पैशांच्या अभावीं बनी गेली, ते देण्याची ऐपत आज आपल्यांतील पुष्कळांस आहे. यांतील एकही गोष्ट मोठ्या खर्चाची नाहीं.

कोणी म्हणेल, बनी पुन्हा पेरून शेतकऱ्याचें पोट भरेल काय? आम्हीही तसें म्हणत नाहीं. सारें खोरें पुन्हा जुन्या कपाशीखालीं जावें, अशी भाबडी कल्पना आमची नाहीं. परंतु उद्यां पाऊस बदलला, कीड बदलली, बाजार बदलला, तर पुन्हा निवड करण्यास हातीं कांहीं तरी असलें पाहिजे. ज्याच्याजवळ एकच बीं आहे त्याला निवड करतां येत नाहीं. वारसा जपावयाचा तो या निवडीसाठीं.

त्या विद्यार्थ्याची गोष्ट अर्धीच राहिली. तो सुटींत घरीं गेला आणि परत आल्यावर आम्हांस भेटावयास आला. बनी त्याच्या आजोबांनींही पाहिली नव्हती. परंतु त्यांच्या वडिलांच्या तोंडून ते तिच्याविषयीं ऐकत आले होते. आजोबा गिरणींत रुई पारखण्याच्या कामावर होते. नातवानें बाजारांतून आणलेल्या रुईची चिमूट त्यांनीं दोन्ही हातांच्या चिमटींत धरून ओढली, पुन्हा जुळविली, पुन्हा ओढली, आणि डोळे न उघडतां तिचा धागा किती, तिच्यांत भेसळ किती, तें सांगितलें. “मलाही शिकवा,” असें नातू म्हणाला, तेव्हां म्हातारा हंसला व म्हणाला, “बाबू, दोन दिवसांत येत नाहीं हें. त्याला हंगाम लागतात.”

त्या विद्यार्थ्यानें पुढचे दोन हंगाम आजोबांजवळ बसून काढले, असें आम्हांस मागाहून कळलें. आमच्या व्याख्यानांत आतां आर्कराइटच्या आधीं एक तास हिंगणघाटाचा असतो. त्या तासाला आम्ही रुईची एक चिमूट वर्गांत फिरवितों आणि ती नीट ओढून दाखविण्यास त्यालाच बोलावितों. कारण तें आम्हांस अद्यापि जमलेलें नाहीं.